डोंगलचे सोंग आणि लिनक्सचा खोटा दोष

ज्या घरापर्यंत अद्याप फायबरची तार आलेली नाही, तेथे यूएसबीच्या खाचेत बसणारे अंगठ्याएवढे डोंगल हाच इंटरनेटचा दरवाजा असतो. जुन्या संगणकास विंडोज पेलेनासे झाले म्हणून कोणी त्यावर लिनक्स चढविलेले असते. अशात एके दिवशी जोडणी लागत नाही. 'लिनक्सवर हे चालायचे नाही, नवे यंत्र घ्या,' असा निकाल दुकानदार देतो, आणि मुलाच्या परीक्षेचा अर्ज अडून बसतो. हा निकाल बहुधा घाईचा असतो, असे आमचे मत आहे.

प्रथम टर्मिनल उघडून एल-एस-यू-एस-बी ही रोमन लिपीतील पाच लहान अक्षरे जोडून लिहावीत. जोडलेल्या उपकरणांची यादी समोर येते. डोंगल तिच्यात नसेल, तर संगणकाच्या मागील बाजूची खाच वापरून पाहावी. पुढील खाचांना कित्येकदा वीज अपुरी पडते.

यादीत नाव आहे, पण मोडेम म्हणून ओळख नाही, हा खरा गमतीचा प्रकार! विंडोजचे ड्रायव्हर डोंगलच्याच पोटात भरून ठेवण्याची युक्ती कारखानदारांनी काढली. त्यामुळे ते प्रथम सीडीचे सोंग घेऊन उभे राहते. लिनक्सवर हे सोंग उतरविण्याचे काम 'यूएसबी मोडस्विच' ही आज्ञावली करते. ती संगणकात नसेल तर घ्यावी लागेल. आता इंटरनेटच नसताना ती आणावी कोठून? मोबाईल फोन यूएसबीच्या तारेने जोडून त्याचे इंटरनेट घटकाभर उसने घ्यावे. ह्यूआवेच्या काही डोंगलांचा, म्हणजे हायलिंक जातीच्यांचा, प्रकार निराळा. ती मोडेम म्हणून नव्हे, तर तारेच्या जोडणीसारखी दिसतात. त्यांची सर्व व्यवस्था ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हा पत्ता लिहून करावयाची असते.

पुढचा कारभार 'मोडेम मॅनेजर' पाहतो. एम-एम-सी-एल-आय, मग मोकळी जागा, उणे चिन्ह आणि मोठा एल, असे लिहिल्यास मोडेमचा क्रमांक कळतो. त्या क्रमांकाने पुन्हा विचारले, म्हणजे मोठ्या एलऐवजी लहान एम आणि क्रमांक लिहिला, की सिमकार्डास पिनचे कुलूप आहे काय, संदेशबळ किती टक्के आहे, जाळ्याने नोंद दिली की नाही, हे सारे उमगते. शोध चालूच राहिला तर सिमकडे पाहावे. जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये ४जीवरच सुरू झाली. तिचे सिम जुन्या ३जी डोंगलमध्ये कितीही आर्जवे केली तरी बोलणार नाही. तेथे लिनक्सला बोल लावणे अन्यायाचे होय.

सीमाभागातील वाचकांस एक सूचना. दूरसंचाराच्या नकाशात गोवा महाराष्ट्राच्याच परिमंडळात आहे, बेळगाव मात्र कर्नाटकाच्या. कोल्हापुरात घेतलेले सिम बेळगावात परके ठरू शकते. जोडणीच्या मांडणीत 'केवळ स्वगृहीचे जाळे' अशी खूण असेल, तर नोंद होऊनही दार उघडत नाही. ती खूण काढावी.

नोंद झाली, तरी पाने येत नाहीत? मग एपीएन तपासावे. एअरटेलचे 'एअरटेलजीपीआरएस.कॉम', बीएसएनएलचे 'बीएसएनएलनेट', जिओचे 'जिओनेट'. एका अक्षराची चूकही येथे खपत नाही. आणि संदेशबळ दुबळे असेल, तर यूएसबीच्या लांब तारेने डोंगल खिडकीशी न्यावे. लोखंडी कपाटाआड त्याचा श्वास कोंडतो.