शब्दावर नजर, अर्थावर लक्ष

आपण एखादा मजकूर 'वाचला' असे म्हणतो, तेव्हा दोन क्रिया झालेल्या असाव्या लागतात. डोळ्यांनी अक्षरे टिपणे ही पहिली आणि मनाने अर्थ घेणे ही दुसरी. पहिली झाली म्हणजे दुसरी झालीच, असे मात्र नव्हे.

सुटा शब्द सरावलेल्या वाचकाला जवळजवळ आपोआप कळतो. 'तांबडा' हा शब्द हिरव्या शाईने लिहून शाईचा रंग विचारला, तर माणूस अडखळतो. शब्द वाचू नये असे ठरवूनही तो वाचला जातो. १९३५ साली स्ट्रूप या अमेरिकी संशोधकाने हे प्रयोगाने दाखविले. मग लक्षाचे काम कोणते? प्रसंगाला जुळणारा अर्थ निवडणे आणि मागच्या शब्दाची पुढच्याशी सांगड घालणे.

'काटा' हाच शब्द घ्या. पांदणीने जाताना तो पायात मोडतो, कापसाच्या बाजारात त्यावर गाडी तोलली जाते आणि घड्याळात तो फिरतो. अनेकार्थी शब्द कानी पडताच त्याचे निरनिराळे अर्थ क्षणभर जागे होतात व न जुळणारा लगेच मागे पडतो, असे डेव्हिड स्विनी यांना १९७९ साली आढळले. ही निवड संदर्भावर चालते आणि लांब वाक्याचा संदर्भ धरून ठेवावयाचा तर लक्ष हवे.

लक्ष उडाले तरी डोळे थांबत नाहीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कादंबरी वाचणाऱ्यांच्या नजरेची नोंद घेतली गेली. एरवी नजर परिचित शब्दावर थोडा वेळ आणि अपरिचितावर अधिक वेळ ठरते. मन भरकटल्यावर हा फरक बराच पुसट झाला. पाने उलटत होती, पण वाचन मंदावले होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. इथे तापावर घेतात तेही 'औषध' आणि पऱ्हाटीवर फवारतात तेही 'औषध'. एका शब्दात उपचार आणि विष शेजारी बसले आहेत. अतिविषारी औषधाच्या डब्यावर तांबडा त्रिकोण व कवटीचे चित्र असते, ते याचसाठी. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. उंच वाढलेले पीक, संरक्षक कपड्यांचा अभाव, औषधांची मिश्रणे अशी त्याची अनेक कारणे सांगितली गेली. सारा दोष वाचनावर टाकणे अन्यायाचे होईल. पण बारीक अक्षरांतील सूचनेचे मोल त्या हंगामाने शिकविले.

शिवाय मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. 'औषध हाताने ढवळू नये' या वाक्यातील पहिले तीन शब्द घेऊन लक्ष सुटले, तर सूचना नेमकी उलटी होते. सारा अर्थ 'नये'वर तोललेला आहे.

म्हणून सूचना असो, करारनामा असो वा कर्जाचा कागद असो, वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत न्यावे, मोठ्याने वाचावे आणि आपल्या शब्दांत दुसऱ्याला सांगून पाहावे. सांगता आले नाही, तर पुन्हा वाचावे. घरात ज्याला अक्षरओळख आहे, त्याने हे ज्याला नाही त्याच्यासाठीही करावे. साक्षरतेचा खरा उपयोग तोच आहे.