जर्नल पूर्ण, पण किटला हात लावला का? मायक्रोप्रोसेसरची लॅब समजून घेऊ

दहावी-बारावीचा निकाल लागला की वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कुठेही जा, घरात एकच सवाल: इंजिनिअरिंग घ्यायचं तर कोणती शाखा? कॉलेजची इमारत, होस्टेल, फी, सगळं विचारलं जातं. लॅब मात्र कुणी बघत नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये तर खरं शिक्षण तिथेच होतं, म्हणून आज आम्ही त्याबद्दल लिहितोय.

आपल्या जिल्ह्यातली डिग्री कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. मायक्रोप्रोसेसरचा विषय बऱ्याच ठिकाणी अजूनही ८०८५ या चिपवर शिकवला जातो. ही चिप इंटेलने १९७६ साली आणली. पालक म्हणतात, इतकी जुनी चीज शिकून काय फायदा? फायदा असा की ती लहान आहे. एका वेळी ८ बिट हाताळते, ६४ किलोबाइट मेमरीपर्यंत पोहोचते. आत काय चाललंय ते विद्यार्थ्याला एकेक पायरीने बघता येतं. मोबाइलच्या चिपमध्ये तसं बघणं शक्य नाही.

लॅबमध्ये टेबलावर एक किट असतं: छोटा कीपॅड आणि लाल आकड्यांचा डिस्प्ले. पाच आणि तीन यांची बेरीज करायची तर मेमरीत ओळीने हे कोड भरायचे: ३ई ०५, ०६ ०३, ८०, ३२ ५० २०, ७६. म्हणजे पाच एका खान्यात ठेव, तीन दुसऱ्यात, बेरीज कर, उत्तर २०५० या पत्त्यावर लिही, थांब. फक्त नऊ बाइट! प्रोग्रॅम चालवून रिसेट दाबायचं आणि २०५० उघडून बघायचं. तिथे ०८ दिसायला हवं. (किटच्या कंपनीप्रमाणे पत्ते बदलतात, ते मॅन्युअलमध्ये असतात.)

आता गंमत बघा. पत्ता २०५०, पण भरताना ५० आधी आणि २० नंतर. ही चिप पत्त्याचा खालचा भाग आधी वाचते. पोराने सरळ २० ५० भरलं तर उत्तर ५०२० कडे जातं. किट काहीही तक्रार करत नाही. २०५० वर जुनाच आकडा बसलेला असतो आणि पोरगं डोकं खाजवतं. तसंच नऊ आणि चार मिळवले की डिस्प्लेवर १३ येत नाही, ०डी येतं, कारण यंत्र सोळाच्या हिशोबात मोजतं. आपल्या नेहमीच्या हिशोबातले १३ हवे असतील तर बेरजेनंतर २७ हा कोड टाकावा लागतो. हे पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही. एकदा चुकलं की जन्मभर राहतं.

म्हणूनच जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवण्याचा जो रिवाज पडलाय तो आम्हाला घातक वाटतो. सबमिशन होतं, सही मिळते, व्हायवाही कसाबसा निघतो. पुढे इंटरव्ह्यूत समोरचा माणूस बोर्ड पुढे सरकवतो, तेव्हा काय करायचं?

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजी मॅन्युअल जड जातं हे खरं. पण किटवर भाषा फारशी लागत नाही. ज्याच्या अब्बांचं किंवा चाचांचं मोटार वाइंडिंगचं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याचा हात सोल्डरिंगवर आधीच बसलेला असतो. त्याला कमी लेखू नका. मुलींनाही ‘हे पोरांचं काम’ म्हणून मागच्या बाकावर बसू देऊ नका. एका किटवर चार-पाच जण असले की कीपॅड एकाच्याच हातात राहतो, बाकीचे बघे.

घरी सराव करायचा तर अर्डुइनो उनो बोर्ड, ब्रेडबोर्ड आणि मल्टिमीटर पुरे. बोर्ड ५ व्होल्टवर चालतो. एलईडी जोडताना २२० ओहमचा रेझिस्टर मध्ये टाकाच, नाहीतर एलईडी किंवा बोर्डाची पिन जाते. घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनला मात्र शिकाऊ पोराने हात लावायचा नाही.

दहावीनंतर डिप्लोमा केला तर पुढे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. बारावीनंतर एमएचटी-सीईटी द्यावी लागते. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आत्तापासून काढून ठेवा. आणि प्रवेशाआधी कॉलेजात गेलात तर लॅब उघडून दाखवायला सांगा. किती किट चालू आहेत ते मोजा.