ऐंशीला थरथरणारं स्टेअरिंग

"बाई, आमच्या गाडीला ऐंशीला थंडी वाजते!"

पाचवीतल्या एका मुलीने मला हे सांगितलं तेव्हा सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण तिचा चेहरा काही हसरा नव्हता. तिचे बाबा पिकअप चालवतात. रात्री मंचर-नारायणगावकडून भाजी भरायची आणि पहाटेच्या आत पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायची, हे त्यांचं रोजचं काम. गाडीने वेग घेतला की हातातलं स्टेअरिंग थरथरायला लागायचं. घरी आल्यावरही हात बधिर असायचे. अलाइनमेंट करून आणलं, पैसे गेले, थरथर होती तिथेच.

आता तुम्ही म्हणाल, शाळेतल्या बाईंचा गाडीशी काय संबंध? खरं आहे, मला साधी स्कूटरही नीट चालवता येत नाही. पण आजारी माणसाला डॉक्टर आधी काय विचारतात, ते मला माहीत आहे. कधी दुखतं? कुठे दुखतं? काय केलं की वाढतं? तेच प्रश्न आम्ही दोघींनी एका वहीत लिहिले. रविवारी सकाळी राजगुरुनगरच्या पुढे रस्ता मोकळा असताना ती बाबांशेजारी पट्टा लावून बसली आणि तिने नोंदी केल्या. मालवाहू गाडीने ऐंशीच्या वर जायचं नाही, म्हणून बाबाही तिथेच थांबले. वहीत असं लिहिलं होतं :

'४० : काही नाही. ६० : काही नाही. ७० : थोडं. ८० : खूप. ब्रेक दाबला तर : वेगळं काही नाही. सीट हलते का : नाही, फक्त स्टेअरिंग.'

एवढ्याशा नोंदी, पण गॅरेजवाल्या काकांनी त्या दोनदा वाचल्या. म्हणाले, "पोरीने माझं अर्धं काम केलंय."

कसं ते पाहू या. फक्त स्टेअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांकडे असतो. सीट आणि खालचा पत्रा थरथरला तर मागची चाकं, नाहीतर मागे फिरणारा लांब प्रोपेलर शाफ्ट तपासायचा. ब्रेक दाबल्यावरच हादरा बसला तर ब्रेकची डिस्क किंवा ड्रम वाकडा झालेला असू शकतो. आणि गाडी हळू असतानाच डुलत असेल तर मात्र जपायला हवं. रिम वाकलेली असेल, किंवा टायरच्या आतले धागे तुटून त्याला फुगा आला असेल. असा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. भर वेगात फुटला तर गाडी हातात राहत नाही.

म्हणून काकांनी सगळ्यात आधी गाडी जॅकवर उचलली आणि टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवला. फुगा बाहेरून दिसला नाही तरी आतल्या बाजूला असू शकतो ना! फुगा नव्हता. मग चाक वर-खाली धरून हलवून बेअरिंग पाहिलं, डावी-उजवीकडे हलवून टायरॉड पाहिला. कुठेच ढिलेपणा नव्हता. मग त्यांनी विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

बाबा आठवून म्हणाले, "पुढचं पंक्चर काढलं ना, तेव्हापासून बहुतेक."

काका हसले. चाकाला सगळीकडे सारखं वजन असावं म्हणून रिमच्या कडेला शिशाचे छोटे तुकडे ठोकतात. पंक्चर काढताना डाव्या चाकाचा तुकडा निघाला होता. त्याची खूण तेवढी राहिली होती. शिवाय शेताच्या बांधावरचा चिखल रिमच्या आत वाळून बसला होता, तोही एकाच बाजूला.

इवलासा तुकडा आणि एवढी मोठी गाडी हलवतो? आपण गणित करू. चाक एका फेरीत साधारण २.२ मीटर जातं. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे सेकंदाला १० फेऱ्या! मध्यापासून वीतभर अंतरावर ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला जवळजवळ अडीच किलोच्या जोराने बाहेर ओढतं. दर सेकंदाला दहा वेळा, कधी वर, कधी खाली, कधी पुढे, कधी मागे. वेग निम्मा केला की जोर निम्मा नाही, चौथाई होतो. म्हणून तर वहीत चाळीसपुढे 'काही नाही' होतं.

आणखी एक गंमत आहे. झोक्याला त्याच्या लयीत ढकललं की थोड्या जोरातही तो उंच जातो. स्टेअरिंग आणि चाकामागच्या सांगाड्याचीही अशी लय असते. फेऱ्या त्या लयीशी जुळल्या की थरथर सगळ्यात जास्त. म्हणूनच काही गाड्यांत त्याहून वेग वाढला की ती कमी होते. चालकाला वाटतं, बरी झाली! बरी होत नाही हं, दोष तिथेच असतो.

अलाइनमेंटचं काय? ती चुकली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतो. स्टेअरिंग असं थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग पाहायचं. दोन वेगळी कामं आहेत. पालकांनी हे जरूर लक्षात ठेवावं, पैसे वाचतील.

घरी करून पाहायचंय? सायकल उलटी उभी करा. मोठ्यांना जवळ बोलवा, बोटं आऱ्यांपासून लांब ठेवा. रिमला मातीचा गोळा घट्ट बांधा. चाक अलगद सोडलं तर गोळा खाली येऊन थांबेल. पेडलने जोरात फिरवलंत तर अख्खी सायकल नाचेल. आपलं पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं, त्यामुळे माळ्यावर एखादी जुनी सापडेलच!

गाड्यांशीही पुण्याचं नातं जुनं आहे. वाहनांच्या चाचण्या करणारी 'एआरएआय' ही संस्था १९६६ साली स्थापन झाली, ती आपल्या वेताळ टेकडीवर आहे. १९८८ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 'टाटामोबाइल' ही पिकअप आणली, तीही पुण्याच्या कारखान्यातून.

असो. काकांनी चिखल खरवडला, चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवलं, दाखवलेल्या जागी वजन ठोकलं. पुढच्या रविवारी वहीत नोंद झाली : '८० : काही नाही. बाबा शीळ घालत होते.'

वही अजून भरलेली नाही. आमच्या वर्गातला पंखा तीनवर ठेवला की डुलतो, आणि पाचवर ठेवला की आणखी. पुढचं पान त्याचं आहे.