बाइकला चामड्याची सीट बसवायची आहे? कात्री लागण्याआधी 'फर्मा' कसा तयार होतो, ते समजून घ्या

चामडे चुकीचे कापले, तर ते परत जोडता येत नाही. म्हणून सीटचे खरे काम कागद, टेप आणि पुठ्ठ्यावर होते.

संत तुकाराम नगरातून चाकणला पहिल्या पाळीला जाणाऱ्या अनेकांचा दिवस दुचाकीच्या सीटवर सुरू होतो. नाशिक फाटा, भोसरी, मोशी आणि मग चाकण. नाशिक फाट्यापासूनच हे अंतर साधारण २० किलोमीटर आहे आणि संध्याकाळी पुन्हा तेवढेच. मार्च २०२२ पासून परिसरात मेट्रोचे स्टेशन आहे, पण ती मेट्रो चाकणकडे जात नाही. त्यामुळे कंबर, पाठ आणि सीट यांचा संबंध रोजचाच.

चार-पाच वर्षांत फोम दबतो, कव्हर उसवते. मग विचार येतो, आता एकदा चामड्याचीच सीट करून घेऊ. इथे बहुतेक जण रंग, डायमंड शिलाई आणि किंमत विचारतात. 'फर्मा कसा काढणार?' हा प्रश्न मात्र राहून जातो. सीट अंगाला बसेल की सहा महिन्यांत सुरकुत्या पडतील, हे याच प्रश्नावर ठरते.

फर्मा म्हणजे नेमके काय?

सीट गोलाईदार असते आणि चामडे सपाट. सपाट चामड्याचे कोणते तुकडे कापून जोडले की ती गोलाई तयार होईल, याचा पुठ्ठ्यावरचा नकाशा म्हणजे फर्मा किंवा पॅटर्न.

हे अवघड का आहे? संत्र्याची साल टेबलावर दाबून पाहा, ती फाटल्याशिवाय सपाट होत नाही. दोन्ही दिशांनी वळलेला पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा कापल्याशिवाय सपाट करता येत नाही, हे जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रेडरिक गाउस यांनी १८२७ मध्येच सिद्ध केले होते.

आपल्याकडच्या शिंप्यांना हे गणित हाताने माहीत आहे. ब्लाउजला टक्स घेतात किंवा कटोरी वेगळी कापतात, ती याचसाठी. सीटवरच्या शिवणीही आधी याच कामासाठी असतात, शोभा नंतर.

जुने कव्हर उसवून तोच फर्मा वापरला तर?

सर्वात सोपा मार्ग हाच आहे आणि चुकाही इथेच होतात. जुने कव्हर वर्षानुवर्षे ताणले गेलेले असते. त्याच मापाने नवे कापले, तर ते पहिल्या दिवसापासून सैल बसते. शिवाय कंपनीचे कव्हर बहुधा रेक्झिनचे असते. (रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका उत्पादनाचे नाव, आपल्याकडे ते सगळ्याच कृत्रिम चामड्याला चिकटले.) रेक्झिन आणि चामडे यांचा ताण वेगळा असतो. त्यामुळे शिवणी कुठे होत्या, एवढे समजण्यापुरते जुने कव्हर जपून ठेवावे.

फर्मा कसा काढतात?

१. आधी फोम. खालच्या पिना काढून कव्हर उतरवतात. दबलेला फोम भरणे, पुढचा उतार कमी करणे, कडा घासणे हे सगळे आधीच उरकावे लागते. फर्मा निघाल्यावर फोम बदलला, तर फर्मा वाया. फोम वाढला की सीटची उंचीही वाढते. सिग्नलला दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, हे याच टप्प्यावर गाडीवर बसून पाहावे.

२. मधली रेघ. पुढच्या टोकापासून मागपर्यंत मध्यरेषा आखतात. शक्यतो एकाच बाजूचा फर्मा काढून तो उलटा करून दुसऱ्या बाजूला वापरतात. दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढल्या, तर डावी-उजवी शिवण वरखाली होण्याची भीती असते.

३. प्लास्टिक आणि टेप. फोमवर पातळ प्लास्टिक गुंडाळून त्यावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर चिकटवतात. टेपवर पेनने शिवणीच्या रेषा काढतात, तुकड्यांना क्रमांक देतात, पुढची दिशा बाणाने दाखवतात. शेजारच्या दोन तुकड्यांवर एकाच ठिकाणी येतील अशा आडव्या खुणा करतात. शिवताना या खुणा जुळल्या की तुकडा सरकत नाही.

४. कापून सपाट करणे. रेषांवरून टेप कापून तुकडे टेबलावर ठेवतात. जो तुकडा सपाट बसत नाही, तिथे आणखी एक शिवण हवी किंवा शिवणीची जागा बदलायला हवी.

५. पुठ्ठा आणि माया. तुकडे पुठ्ठ्यावर उतरवून शिवणीसाठी चारही बाजूंनी साधारण १० ते १२ मिलिमीटर माया सोडतात. सीटच्या तळाखाली ओढून पिना मारायच्या कडेला मात्र दीड-दोन इंच लागतात. ही कड आखूड पडली, तर ओढायला हाताला काही मिळतच नाही.

६. रेक्झिनची चाचणी. स्वस्त रेक्झिनचे कव्हर शिवून फोमवर चढवतात. जिथे सुरकुती पडते तिथे खूण करून फर्मा दुरुस्त करतात. वेळ वाचवायला हा टप्पा गाळला जातो. त्याची किंमत मग चामड्यात मोजावी लागते.

चामडे कापताना काय वेगळे?

रेक्झिनचा रोल सगळीकडे सारखा असतो, चामडे तसे नसते. पाठीच्या कण्याजवळचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा सैल आणि जास्त ताणणारा. बसायचा तुकडा पाठीच्या भागातून काढावा लागतो. पोटाकडचा वापरला, तर काही महिन्यांत तिथे झोळ येतो. जनावराच्या अंगावरच्या जखमांचे, गोचिडांचे डागही चुकवायचे असतात. चामडे चौरस फुटावर विकले जाते. त्यातले किती वाया जाईल, हे पुठ्ठ्याचे तुकडे आधी मांडून पाहिल्यावरच कळते.

कोल्हापुरी चपलेचे चामडे इथे चालत नाही. बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेले ते चामडे कडक असते. सीटला साधारण एक ते दीड मिलिमीटर जाडीचे, क्रोमने कमावलेले मऊ चामडे लागते.

डायमंड शिलाई हवी असेल, तर क्रम उलटा होतो. खाली पातळ फोम लावून टीप मारली की तुकडा आकसतो. म्हणून आधी मोठ्या तुकड्यावर शिलाई, मग त्यावर फर्मा ठेवून कापणी. टीप फार बारीकही नको. टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोके जवळजवळ पडली, तर चामडे तिथूनच फाटते.

पावसाळ्याचे काय?

सुईचे प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. बसायच्या जागी जितक्या शिवणी, तितके पाणी फोममध्ये. मग पाऊस थांबला तरी बसल्यावर पँट ओली होते. शिवणी बाजूच्या उतारावर न्याव्यात, फोम आणि कव्हर यांच्यामध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालावा. आणि हा निर्णय फर्म्यावर रेषा काढतानाच घ्यावा. नंतर शिवण हलवता येत नाही.

गाडी रोज उघड्यावर, उन्हापावसात उभी राहणार असेल, तर चांगले रेक्झिन जास्त व्यवहार्य. चामड्याला सावली आणि अधूनमधून कंडिशनर लागते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२८ नुसार मागे बसणाऱ्यासाठी चालकाच्या मागे घट्ट बसवलेली योग्य सीट आवश्यक आहे. एकट्याची 'सोलो' सीट करून घेतली, तर मागे कोणाला बसवता येणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ मागच्या प्रवाशासाठी धरायची सोय, पायटेकू आणि चाकात कपडे अडकू नयेत म्हणून संरक्षण मागतो. काही गाड्यांवर धरायची सोय म्हणजे सीटवरचा पट्टा. देखणेपणासाठी तो काढू नये, फर्म्यातच त्याची जागा ठेवावी.

काम देण्याआधी हे विचारा

- फर्मा फोमवरून काढणार की जुन्या कव्हरवरून?
- चामडे कापण्याआधी रेक्झिनची चाचणी दाखवणार का?
- बसायचा तुकडा चामड्याच्या कोणत्या भागातून काढणार?
- बसायच्या जागी शिवण येणार का?
- काम झाल्यावर पुठ्ठ्याचा फर्मा मिळेल का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. कव्हर आज ना उद्या फाटणारच. फोम तोच राहिला आणि फर्मा नाव-तारीख लिहून घरात ठेवला असेल, तर पुढच्या वेळी मापापासून सुरुवात करावी लागणार नाही.