पत्ता एक, वाचन दोन : आयपी पत्त्यांच्या तपासणीची चाळीस वर्षे

आयपी पत्ता तपासणे हे नवशिक्या प्रोग्रॅमरला सरावासाठी द्यावे असे काम मानले जाते. चार आकडे, त्यांच्यामध्ये तीन टिंबे, प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान. एवढे पाहिले की झाले, असा समज आहे. तरीही २०२१ साली मार्च ते ऑगस्ट या काळात जावास्क्रिप्ट, पर्ल, पायथन, रस्ट आणि गो या पाच भाषांच्या लायब्रऱ्यांमध्ये जवळजवळ एकच दोष जाहीर झाला. आकड्याच्या आधी शून्य असेल तर तो आकडा कसा वाचायचा, एवढाच प्रश्न होता. पाच वेगवेगळ्या चमूंच्या हातून एकच चूक होते तेव्हा तिला निष्काळजीपणा म्हणून चालत नाही. माझे म्हणणे असे की आपण चाळीस वर्षे चुकीचा प्रश्न विचारत आलो. ‘ही अक्षरे पत्त्यासारखी दिसतात का’ हे आपण तपासले. ‘ही अक्षरे पुढे जो कोणी वाचेल तो त्यातून हाच पत्ता काढेल का’ हे तपासायचे राहून गेले.

याचे मूळ अगदी सुरुवातीला सापडते. सप्टेंबर १९८१मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेले आरएफसी ७९१ हे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतले टिपण प्रसिद्ध झाले आणि पत्ता म्हणजे ३२ बिटांची संख्या हे ठरले. ती संख्या माणसाने कागदावर कशी लिहायची, याचे व्याकरण मात्र त्यात नव्हते. त्याच महिन्यातल्या आरएफसी ७९० या नेमलेल्या क्रमांकांच्या यादीत आर्पानेटचा क्रमांक ‘०१०’ असा तीन अंकी छापला आहे; तिथे त्याचा अर्थ सरळ दहा. दोन वर्षांनी, १९८३मध्ये, बर्कलीच्या विद्यापीठातून ४.२बीएसडी ही युनिक्स प्रणाली बाहेर पडली. तिच्यातल्या ‘इनेट_अ‍ॅड्र’ या फंक्शनने सी भाषेची रीत उचलली : आधी शून्य आले तर आकडा अष्टमान, शून्यानंतर ‘एक्स’ आले तर षोडशमान. या रीतीने ‘०१०’ म्हणजे आठ. यादी आणि कोड यांच्यात दोन वर्षांचे अंतर, आणि एकाच लेखनाचे दोन अर्थ तेव्हाच तयार झाले. दोन्हींपैकी कोणालाही चूक म्हणता येत नाही, कारण ज्याच्याशी ताडून पाहावे असा नियमच नव्हता.

त्या फंक्शनची उदारता एवढ्यावर थांबत नव्हती. चारऐवजी तीन, दोन किंवा एकच आकडा दिला तरी ते पत्ता मान्य करी. त्यामागे तर्क होता : त्या काळी जाळ्यांचे वर्ग होते आणि मोठ्या जाळ्यात ‘जाळ्याचा क्रमांक, यंत्राचा क्रमांक’ असे दोनच भाग लिहिणे सोयीचे पडे. म्हणून ‘१२७.१’ म्हणजे १२७.०.०.१, आणि नुसते ‘२१३०७०६४३३’ लिहिले तरी तोच पत्ता. १९९३मध्ये वर्गांशिवाय पत्ते वाटण्याची सीआयडीआर ही पद्धत आली, वर्गांची व्यवस्था मागे पडली, पण तिच्यासाठी केलेली ही सोय कोडमध्ये तशीच राहिली. चूक झाली तर हे फंक्शन उणे एक परत करते, आणि ३२ बिटांत उणे एक म्हणजेच २५५.२५५.२५५.२५५ हा वैध पत्ता. जे फंक्शन नकार आणि उत्तर यांत फरक करू शकत नाही, त्याच्यावर पुढे सुरक्षेचे इमले चढले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९९७च्या आरएफसी २१३३मध्ये ‘इनेट_पीटॉन’ आले आणि त्याने चार दशमान आकड्यांखेरीज काहीही स्वीकारायचे नाही असे ठरवले. २००५च्या आरएफसी ३९८६ने यूआरएलसाठी काटेकोर व्याकरण दिले आणि विरळ दिसणाऱ्या जुन्या लेखनप्रकारांच्या धोक्याबद्दल स्वतंत्र इशाराही दिला. २०१३च्या आरएफसी ६९४३ने सैल आणि काटेकोर वाचन एकाच व्यवस्थेत नांदले तर काय होते, हे उघडपणे मांडले. म्हणजे २०२१चा दोष कुणाला ठाऊक नव्हता असे म्हणायला जागा नाही. पण जुने फंक्शन काढून टाकले गेले नाही, आणि ब्राउझर ज्या यूआरएल मानकावर चालतात त्याने तर जुनी सैल रीतच अधिकृतपणे स्वीकारली. आजही ब्राउझरला अष्टमान आकड्यांचा पत्ता दिला तर तो निमूटपणे दशमानात बदलून घेतो.

यातून घडले काय, ते ‘नेटमास्क’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या प्रकरणात स्वच्छ दिसते. ‘०१७७.०.०.१’ हे लेखन ती १७७.०.०.१ असे वाचत होती, म्हणजे बाहेरचा, सार्वजनिक पत्ता. तेच लेखन पुढे बीएसडीच्या रीतीने वाचणाऱ्या कोडकडे गेले की १२७.०.०.१ होते, म्हणजे सर्व्हर स्वतःच. उलट बाजूने ‘०१०.८.८.८’ घ्या : एकाच्या लेखी १०.८.८.८ हा खासगी जाळ्यातला पत्ता, दुसऱ्याच्या लेखी ८.८.८.८ ही गूगलची, नावावरून पत्ता सांगणारी सार्वजनिक डीएनएस सेवा. दारावरच्या रखवालदाराने चिठ्ठी एका अर्थाने वाचून माणसाला सोडावे आणि आतल्या कारकुनाने तीच चिठ्ठी दुसऱ्या अर्थाने वाचून तिजोरी उघडावी, असा हा प्रकार. क्लाउडमधल्या यंत्रांना १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावरून तात्पुरत्या किल्ल्या मिळू शकतात. त्यामुळे सर्व्हरला फसवून आतल्या पत्त्याकडे विनंती करायला लावणे किती महाग पडते, हे वेगळे सांगायला नको. वेब-सुरक्षेच्या प्रमुख धोक्यांच्या २०२१च्या ओवास्प यादीत या हल्ल्याला स्वतंत्र स्थान मिळाले.

पायथनचा इतिहास मला सर्वांत बोलका वाटतो. त्याच्या ‘आयपीअ‍ॅड्रेस’ मॉड्यूलमध्ये आधी योग्य नियम होता : अष्टमान आणि दशमान वाचनात ज्याची किंमत वेगळी निघेल असा शून्याने सुरू होणारा आकडा संदिग्ध समजून नाकारायचा. २०१९मध्ये आवृत्ती ३.८मध्ये तो काढला गेला, कारण काही साधने शून्य लावलेले पत्ते देतात आणि ते अडतात अशी तक्रार होती. २०२१च्या मे महिन्यात ३.९.५मध्ये अशा पत्त्यांना पुन्हा बंदी झाली, आणि ती आधीपेक्षा कडक. दोन वर्षांपेक्षा कमी काळात एक सोय दिली गेली, तिची किंमत कळली आणि ती मागे घेतली गेली.

यावर पहिला आक्षेप जुन्या वापरकर्त्यांच्या बाजूने येतो, आणि तो हलका नाही. हजारो फायलींत शून्य लावलेले पत्ते पडून आहेत. एका रात्रीत ते अवैध ठरवले तर चालू व्यवस्था बंद पडतील. गो भाषेने आवृत्ती १.१७मध्ये असे पत्ते नाकारायला सुरुवात केली तेव्हा कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीला नेमकी हीच अडचण आली, आणि त्यांनी जुने वाचन ‘पार्सआयपीस्लॉपी’ या नावाने आपल्याकडे जपून ठेवले. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. सैलपणा लागतो तिथे तो नावासकट, डोळ्यांना खुपेल असा ठेवला आहे. गुपचूप सर्वांसाठी तोच नियम करणे ही मात्र सुसंगतता नव्हे. जुन्या फायलीची अडचण तेव्हा नव्या सर्व्हरच्या माथी मारली जाते.

दुसरा आक्षेप असा की या दोषांचा बाऊ केला जातो. २०२४मध्ये ‘आयपी’ याच नावाच्या एका लोकप्रिय जावास्क्रिप्ट लायब्ररीवर दोष नोंदला गेला : १२७.०.०.१चे षोडशमान, दोनच भागांचे रूप तिला सार्वजनिक वाटत होते. त्याची तीव्रता फुगवली आहे असे सांभाळकर्त्याचे म्हणणे होते आणि काही काळासाठी ती लायब्ररी फक्त वाचण्यापुरती करण्यात आली. विनामोबदला काम करणाऱ्या माणसावर असा दबाव येणे वाईटच, आणि प्रत्यक्ष हल्ल्यासाठी आणखी काही अटी जुळाव्या लागतात हेही खरे. पण ‘हा पत्ता सार्वजनिक आहे का’ असा प्रश्न घेणारे फंक्शन त्याचे उत्तर कोण कशासाठी वापरणार हे जाणू शकत नाही. खात्री नसेल तिथे नाही म्हणणे एवढेच त्याच्या हाती असते.

तिसरा आक्षेप रेग्युलर एक्स्प्रेशनवाल्यांचा, म्हणजे अक्षरांचा नमुना लिहून मजकूर तपासणाऱ्यांचा : नमुना नीट लिहिला की संदिग्धता उरत नाही. चार दशमान आकड्यांपुरते हे मान्य करता येईल, पण प्रत्यक्षात वापरले जाणारे नमुने बहुधा ‘तीनपर्यंत अंक, टिंब’ एवढेच पाहतात. ते ९९९ही सोडतात आणि ०१०ही. शिवाय ‘अंक’ म्हणजे कोणता अंक, हाही प्रश्न उरतो. या लेखात पत्ते देवनागरी अंकांत छापले आहेत. पायथन ३मध्ये ‘कोणताही अंक’ या चिन्हात देवनागरी १, २, ७ही बसतात आणि ‘इंट’ त्यांची १२७ ही संख्याही करून देतो. म्हणून ‘आयपीअ‍ॅड्रेस’ मॉड्यूल आस्की अंकच हवेत असे वेगळे तपासते. घरी लिहिलेला नमुना ते तपासेलच असे नाही.

आयपी पत्त्यांच्या नव्या आवृत्तीने, आयपीव्ही६ने, तर या आक्षेपातला उरलासुरला जीव काढला. १२८ बिटांचा पत्ता शून्ये गाळून, दुहेरी विसर्गचिन्हाने आखडून, लहान किंवा मोठ्या लिपीत, शेपटीला आयपीव्ही४ म्हणजे जुना ३२ बिटांचा पत्ता जोडून लिहिता येतो. एकाच पत्त्याची इतकी वैध रूपे असल्यामुळे ऑगस्ट २०१०मध्ये आरएफसी ५९५२ काढून एक प्रमाण रूप सुचवावे लागले. ‘::एफएफएफएफ:१२७.०.०.१’ हे रूप आयपीव्ही४साठी केलेली बंदी चुकवू शकते. भारतात हा विषय पुस्तकी नाही : २०१६मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यापासून आपल्याकडे आयपीव्ही६चा वापर झपाट्याने वाढला आणि आज आपण जगात आघाडीच्या देशांत आहोत. डेटाबेसमध्ये पत्त्यासाठी १५ अक्षरांची जागा ठेवणारा कोड आपल्याच ग्राहकांच्या फोनपुढे अपुरा पडतो.

या सगळ्यातून निघणारा उपाय नवा नाही, फक्त शिस्तीचा आहे. पत्ता आत येताच एकदाच, काटेकोर लायब्ररीने वाचावा; संदिग्ध असेल तर नाकारावा; त्यानंतर मूळ अक्षरे बाजूला ठेवून वाचनातून मिळालेल्या मूल्यावरच तुलना, बंदी, नोंद आणि जोडणी करावी. गोने २०२२मध्ये आवृत्ती १.१८मध्ये आणलेले ‘नेटआयपी’ पॅकेज आणि पोस्टग्रेएसक्यूएलचा ‘इनेट’ हा प्रकार याच कामाचे आहेत. पत्त्याऐवजी नाव आले असेल तर डीएनएसने दिलेल्या ज्या पत्त्याची तपासणी केली त्याच पत्त्याशी जोडणी करावी. पुन्हा नाव विचारले तर दुसरेच उत्तर मिळू शकते. आपल्या हाताखाली असा कोड असेल तर आधी त्यातली तपासणी वाचू नका. तपासणीच्या पुढची ओळ वाचा, आणि तिथे पाठवली जाणारी वस्तू तपासलेले मूल्य आहे की वापरकर्त्याने दिलेली मूळ अक्षरे, ते पाहा. मूळ अक्षरे असतील तर ती ओळ आजच बदला.