तापली माती, मेले जिवाणू?

भोपाळमध्ये एप्रिल सरला की एक वाक्य कानावर पडू लागतं: "एवढ्या उन्हात मातीत काय शिल्लक राहणार? बुरशीवर जिवाणूंची पावडर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात." सोयाबीनवाले हेच म्हणतात, गच्चीवर मिरच्या लावणारेही. शेती शिकलेली माणसंसुद्धा मान डोलावतात, ते जास्त खटकतं. याच शहरात, बेरसिया रस्त्यावरच्या नबीबागेत, १९८८ पासून भारतीय मृदा विज्ञान संस्था आहे हो!

मे महिन्यात इथलं कमाल तापमान सरासरी ४० अंशांच्या आसपास असतं आणि उघड्या काळ्या मातीचा वरचा थर त्याहून बराच तापतो, हे खरंच. पण बॅसिलस गटातले जिवाणू अन्नपाणी संपलं की जाड कवचाचे बीजाणू बनवून बसतात. गवताच्या काढ्यातले हे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, हे फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्येच दाखवलं. आजही मातीतून बॅसिलस वेगळा काढायचा तर मातीचं पाणी ८० अंशांवर दहा मिनिटं तापवतात. बाकीचे बहुतेक मरतात, हे उरतात. आणि आपण म्हणतो, ४५ अंशांत संपले!

ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून ती उन्हात तापवण्याची पद्धत इस्रायलमध्ये काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडली. त्यात अनेक रोगकारक बुरशी मरतात, बॅसिलस मात्र बऱ्याच प्रमाणात टिकून राहतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत लवकर पसरतो.

मग पावडर फसते का? फसते. बीजाणू टिकला म्हणजे तो कामाला लागला असं नाही. त्याला ओल हवी, मुळांतून झिरपणारं अन्न हवं. ते मिळालं की तो उगवतो, मुळांवर बस्तान मांडतो आणि इट्युरिन, फेंगायसिन यांसारखी द्रव्यं सोडून बुरशीच्या पेशीचं आवरण फाडतो. सोयाबीनच्या मुळा-खोडाची कोळशासारखी कूज करणारी मॅक्रोफोमिना बुरशी नेमकी उलट वागते. उष्ण, कोरड्या जमिनीत ती माजते. पावसाने ताण दिला की रोग फोफावतो, बॅसिलस झोपलेलाच राहतो आणि शेतकरी म्हणतो, उन्हाने जिवाणू मारले. म्हणून पावडर भर उन्हात कोरड्या रानात फेकू नका. पेरणीच्या वेळी बियाण्याला लावा.

आता बाकीचे गैरसमज, झटपट. ट्रायकोडर्मा जिवाणू नाही, तीही बुरशीच, आपल्या कामाची. स्यूडोमोनासला बीजाणू नसतात, त्यामुळे दुकानाच्या तापलेल्या फळीवर पडून राहिलेली त्याची पुडी खरोखर निकामी होऊ शकते. उन्हाची तक्रार करायचीच तर तिथे करा. कंपोस्टच्या ढिगात ६० अंशांवर रमणारे जिवाणू शेतातल्या ३० अंशांत तेच काम करतील, हेही चूक. तांब्याचं बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच पंपात कालवणं म्हणजे दोन्हींचे पैसे देऊन एकच घेणं.

पुडी घेताना जिवाणूचं नाव, ग्रॅममागे जिवंत पेशींची संख्या आणि मुदत वाचा. यातलं एकही छापलेलं नसेल तर पुडी दुकानदाराला परत करा.