बोटांवरचे घट्टे

बेळगावजवळचे कडोली आपण ओळखतो ते मराठी साहित्य संमेलनामुळे. परवा तेथे एक निराळीच बैठक पाहिली. चारपाच तरुण मित्र एकच फोटो घेतात, प्रत्येकजण तो संगणकावर आपापल्या परीने दुरुस्त करतो आणि मग सारे एकमेकांचे काम न्याहाळतात. बक्षीस वगैरे काही नाही. एकच बंदिश चौघांनी गावी, तसे हे!

मी वडिलांचा सारंगी वाजवतानाचा जुना, डागाळलेला फोटो दिला होता. एकाने बुरशीचे डाग काढले. दुसऱ्याने काळोखातून सारंगीची खुंटी न् खुंटी उजळली. तिसऱ्याचे काम सर्वांत देखणे. मीही 'वाहवा' म्हणून गेलो. तोच कोपऱ्यातला एकजण हळूच म्हणाला, "चेहरा फार गोड उतरलाय रे. पण बोटांवरचे ते काळे ठिपके, ते डागच होते का?"

नव्हते. सारंगीची तार नखाच्या मुळाशी टेकवून सूर काढावा लागतो. वर्षांच्या रियाजाने तेथे घट्टे पडतात. आणि ते गेलेले मला, त्यांच्या मुलाला, दिसू नयेत! पूर्वीचे फोटोग्राफरही काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवीत. तेव्हा मोह जुनाच.

तो तिसरा रागावला नाही. मूळ फोटो पुन्हा उघडून बोटांशी बसला.